ज्याचे पाप मोठे, तो अडकतो

माणूस गुहेच्या फटीत अडकला, की त्याच्या पुढचे लोक त्याला मागे जायला सांगतात आणि मागचे लोक पुढे. हे मी ऐकीव सांगत नाही. गेल्या रविवारी सकाळी दहा चाळीसपासून अकरा पंचवीसपर्यंत मी स्वतः त्या जागी होतो. त्या पाऊण तासात मला जेवढे सल्ले मिळाले, तेवढे आधीच्या चौपन्न वर्षांत मिळाले नव्हते. माझ्या लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली आहेत हे लक्षात घेतलं, तर हा आकडा किती मोठा आहे ते कळेल.

मुळात त्या गुहेत मला काही काम नव्हतं. देवाशी माझे संबंध चांगले आहेत, पण ते दुरूनच चांगले आहेत. मी गेलो तो मुलीच्या लग्नासाठी. मुलगा तिने स्वतःच पाहिला होता, स्वतःच पसंत केला होता, आणि आम्हांला फक्त कळवलं होतं. आमच्याकडे उरलं होतं ते एकच काम. मुलाच्या वडिलांना आम्ही बरे वाटायचं.

मुलाचे वडील वजनमापे खात्यात निरीक्षक होते. एकतीस वर्षं त्यांनी दुकानदारांचे तराजू तपासले, आणि निवृत्त झाल्यावर खात्याने तराजू काढून घेतले म्हणून माणसं तपासायला घेतली. अंगाने ते पट्टीसारखे सरळ आणि पट्टीइतकेच रुंद. खिशात कायम एक टेप. पहिल्यांदा घरी आले तेव्हा उंबऱ्यातच थांबून म्हणाले, "हा दरवाजा अडीच फुटी म्हणून घेतला असेल. सव्वादोन भरेल." ते गेल्यावर मी मोजला. सव्वादोन भरला. बावीस वर्षं मी त्या दरवाजातून ये-जा करत होतो, आणि आपण फसवले गेलो आहोत हे मला माहीत नव्हतं.

चहा झाल्यावर त्यांनी कप बशीच्या बरोबर मध्यावर ठेवला आणि म्हणाले, "मुलगी चांगली आहे. पण आमच्या घराची एक जुनी पद्धत आहे. लग्न ठरवण्याआधी दोन्ही घरांनी गुहेतल्या महादेवाला जायचं. दोन्ही बापांनी फटीतून पार व्हायचं. मग पुढचं बोलू."

"फटीतून?"

"गाभाऱ्याकडे जायला कातळात फट आहे. ज्याचं पाप मोठं, तो अडकतो." ज्याचा काटा खोटा त्याचा परवाना रद्द, हे वाक्य ते ज्या सुरात एकतीस वर्षं म्हणत आले असतील, त्याच सुरात ते हे म्हणाले. "आमच्या थोरलीला एक स्थळ आलं होतं. मुलगा उत्तम, घर उत्तम. बाप अडकला. सोडलं स्थळ."

त्या 'सोडलं'वर माझ्या मुलीने माझ्याकडे पाहिलं. चेहऱ्याकडे नाही. जरा खाली, शर्टाच्या चौथ्या बटणाकडे.

इथे माझ्याविषयी दोन शब्द सांगणं भाग आहे. मी एका दैनिकात मुद्रितशोधक आहे. लिहिणारे चुका करतात आणि मी त्या छपाईआधी पकडतो. सत्तावीस वर्षांत माझ्या हातून एकही चूक सुटलेली नाही, असं कचेरीत म्हटलं जातं. म्हणतो मीच, पण आजवर ते कोणी खोडून काढलेलं नाही. तेव्हा पापाचा प्रश्न आला, तर माझी बाजू स्वच्छ होती. शंका होती ती पोटाची. या धंद्यात बसून बसून डोळे जातात आणि पोट येतं.

बातमी इमारतीत पसरायला एक संध्याकाळ पुरली. खालच्या मजल्यावर निवृत्त कवायत-मास्तर राहतात. ते दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला दारात हजर.

"फट किती इंचांची आहे?"

"माहीत नाही. निरीक्षकसाहेब सांगत नाहीत. देवाच्या फटीला टेप लावायचा नसतो, म्हणतात."

"कमाल आहे. जन्मभर मोजलं, आणि मोजायचं तेच नाही मोजलं? असू द्या. आपण अकरा इंच धरून चालू."

अकरा का, हे मी विचारलं नाही. मास्तरांना विचारायचं नसतं. त्यांनी आमचं लोखंडी कपाट भिंतीपासून अकरा इंचांवर आणवलं आणि मला मधून जायला लावलं. श्वास सोडायचा, पोट आत घ्यायचं, डावा खांदा पुढे, मान उजवीकडे, आणि मनात काहीही आणायचं नाही. पहिले तीन दिवस मी खांद्यापर्यंत जात होतो. चौथ्या दिवशी पोटापर्यंत गेलो, आणि त्याच वेळी कपाटाने जागा सोडली आणि ते भिंतीकडे आलं. मास्तर तेव्हा वर्तमानपत्र आणायला खाली गेले होते. मुलगी ऑफिसला निघताना बाहेर आली, तेव्हा मी कपाट आणि भिंत यांच्यामध्ये बुकमार्कसारखा उभा होतो.

"बाबा, हे काय चाललंय?"

"तुझ्या लग्नाची तयारी."

तिने कपाट ओढलं. मग बराच वेळ ते पुसत राहिली. त्याला पुसण्यासारखं काही झालं नव्हतं. "नाही जमलं तर राहू द्या हं, बाबा," ती म्हणाली. जे राहून चालणार नाही तेच माणूस राहू द्या म्हणतो, एवढं भाषेचं ज्ञान मला आहे. त्या दिवसापासून मी जेवण निम्मं केलं. बायकोने ते पाव केलं.

वरच्या मजल्यावरच्या वकीलबाईंचा सल्ला वेगळा होता. जिन्यात भेटल्या तेव्हा त्यांनी आवाज खाली आणला. "अडकलात तर अडकलात. पण तोंडातून शब्द काढू नका. कसलीही कबुली द्यायची नाही. माणूस अडकण्याने गोत्यात येत नाही, बोलण्याने येतो."

कचेरीतल्या क्रीडापानवाल्याने तेल सुचवलं. अंगाला तेल लावलेला पैलवान हातातून निसटतो, म्हणाला. मी त्याला सांगितलं की मला निसटायचं नाही, पार व्हायचं आहे. तो म्हणाला की तत्त्व तेच. क्रीडापानवाल्यांना दोन शब्दांमधला फरक कधीच कळत नाही.

मग अर्ज. गुहेत जायला गुहा व्यवस्थापन समितीचा चार पानी अर्ज भरावा लागतो. तिसऱ्या पानावर रकाना होता: 'फटीतून जाणार / जाणार नाही (नको ते खोडावे).' मी 'जाणार नाही' खोडलं, आणि हाताच्या सवयीने समासात आमच्या धंद्यातली मजकूर गाळण्याची खूण केली. शिवाय त्याच पानावर 'दर्शनार्थी'तला रफार चुकीच्या अक्षरावर होता, तो उचलून जागेवर ठेवला. आठ दिवसांनी अर्ज परत आला. शेरा: 'अर्जावर अनोळखी खुणा.' मी समितीच्या कार्यालयात गेलो. कारकुनाने अर्ज उजेडात धरला.

"हे मंत्र-तंत्र आहे का काही?"

"नाही हो. दुरुस्त्या आहेत."

"छापील अर्जात दुरुस्ती? छापलेलं आहे ना ते?"

"छापलेलंच चुकतं."

त्याने माझ्याकडे दयेने पाहिलं आणि कोरा अर्ज पुढे सरकवला. मी तो भरला. 'दर्शनार्थी'कडे डोळे मिटून घेतले. मुलीसाठी माणूस काय काय करतो.

रविवारी आम्ही दोन कुटुंबं गुहेपाशी पोचलो. आमच्याकडून मी, बायको आणि मुलगी. त्यांच्याकडून निरीक्षक, त्यांचा मुलगा आणि निरीक्षकांच्या पत्नी, ज्यांना लग्न ठरेपर्यंत विहीणबाई म्हणता येत नव्हतं आणि ठरणारच नसेल तर काय म्हणायचं हा प्रश्न होता. अंगाने भरलेल्या, बोलायला कमी. गुहेच्या तोंडाशी झाडाखाली दगडी बाक आहे. आल्याबरोबर त्या त्यावर बसल्या.

"तुम्ही नाही येत आत?" माझ्या बायकोने विचारलं.

"गुडघे," त्या म्हणाल्या, आणि सगळ्यांच्या चपला गोळा करून पायांशी नीट जोडीने लावायला लागल्या. त्यात सराव दिसत होता.

समितीने एक माहितगार दिला. गळ्यात बिल्ला, हातात विजेरी. या गुहेत एका ऋषींनी बारा हजार वर्षं तप केलं, अशी त्याने सुरुवात केली.

"बारा हजार कशावरून?" मी विचारलं. आकडा दिसला की विचारायचा, ही आमच्या टेबलाची शिस्त.

"तेरा हजार केलं असतं तर तेरा सांगितलं असतं," माहितगार म्हणाला.

पुढे एक बीळ होतं. ते थेट काशीला निघतं.

"कोणी गेलंय का यातून?"

"पुष्कळ. परत कोणीच आलं नाही."

"मग ते काशीला पोचले कशावरून?"

"इथे दिसतायत का तुम्हांला?"

निरीक्षकांनी माझ्याकडे वळून पाहिलं, आणि मी प्रश्न विचारणं थांबवलं. मग एका राक्षसाच्या गुडघ्यांचे ठसे आले. तो देवाचा पाठलाग करत आला, देव फटीतून गेला, राक्षस अडकला आणि तिथेच गुडघे टेकून त्याने माफी मागितली. ठसे तीन होते.  राक्षस म्हटल्यावर तेवढी सूट द्यावी लागते.

आणि मग फट. "पापी समोर आला की कातळ आवळतो," माहितगार म्हणाला आणि बाजूला सरकला.

निरीक्षक प्रथम गेले. गेले म्हणणंही जास्त होईल. पोस्टाच्या पेटीत पत्र पडावं तसे पलीकडे पडले. त्यांच्यामागे मुलगा, मग माझी मुलगी. दोघांचं हसू पलीकडून ऐकू आलं. मग निरीक्षकांचा आवाज: "या!"

मी श्वास सोडला. पोट आत घेतलं. डावा खांदा पुढे, मान उजवीकडे. मनात काहीही आणायचं नव्हतं, पण मास्तर आले आणि त्यांच्यामागे लोखंडी कपाट आलं. खांदा गेला. छाती गेली. मी मनात म्हटलं, गेलो की! आणि तिथेच राहिलो.

"या ना," निरीक्षक.

"येतो."

"मग या."

"येतोय."

"बाबा, श्वास सोडा," मुलगी पलीकडून म्हणाली. मी तो केव्हाच सोडला होता. आता घ्यायचा प्रश्न होता.

"अहो, पुढे व्हा," मागून बायको.

"होत नाही."

"मग मागे या."

"तेही होत नाही."

"तरी सांगत होते, काल ती दुसरी पोळी घेऊ नका." पाऊण जेवण सोडलेल्या माणसाला एका पोळीवरून सुळी देणं फक्त सहधर्मचारिणीलाच जमतं. तिच्यामागे आता रांग जमली होती. कोणी म्हणालं देवाचं नाव घ्या, कोणी म्हणालं खोकून बघा, आणि एका बाईने आपल्या मुलाला सांगितलं, "बघ. खोटं बोललं की असं होतं."

एवढ्यात समितीचे चिटणीस आले. हातात जाड नोंदवही. ती त्यांनी बायकोच्या खांद्यावरून पुढे धरली.

"नाव, वय, पत्ता?"

"आधी मला बाहेर काढा."

"अडकलेल्यांची नोंद आधी होते."

"का पण?"

"बाहेर आल्यावर कोणी करू देत नाही हो." यात तथ्य होतं. मी नाव, वय, पत्ता सांगितला. त्यांनी तो सावकाश लिहिला. "पापाचा प्रकार? ज्ञात की अज्ञात?"

"अज्ञात लिहा," बायको म्हणाली. मग जरा थांबून, "नाही, थांबा. आठवून सांगते."

 पलीकडे निरीक्षक एक पाऊल मागे सरकल्याचं मला ऐकू आलं. खोटा काटा सापडल्यावर ते असेच मागे सरकत असणार.

माझी मान उजवीकडे होती, आणि नाकापासून वीतभर अंतरावर कातळात एक संगमरवरी पाटी बसवलेली होती. माहितगाराच्या विजेरीचा उजेड तिच्यावर पडत होता. मजकूर समोर आला की मी वाचतो. मरताना कोणी माझ्यासमोर औषधाची बाटली धरली तर मी आधी तिच्यावरचं शुद्धलेखन बघेन. पाटीवर लिहिलं होतं: 'फटीतून जाताना ज्याचे पाप मोठे, तो अडकतो. त्याने मागच्या वाटेने जावे.' ऱ्हस्व-दीर्घ बरोबर. स्वल्पविराम बरोबर, आणि असा नेमका स्वल्पविराम हल्ली कोण देतं? मी खाली पाहिलं. खाली आमच्या दैनिकाचं नाव होतं, 'पर्यटन पुरवणीतून साभार', आणि एकोणीस वर्षांपूर्वीची तारीख.

तो स्वल्पविराम माझा होता.

आणि मग, कातळात तिरका उभा असताना, मला ते पान दिसलं. घाईची दुपार, बाहेरगावच्या वार्ताहराचा गुहेवरचा लेख, गिचमिड अक्षर. त्यात लिहिलं होतं, 'ज्याचे माप मोठे तो अडकतो.' माप! मी हसलो होतो. देवाधर्माच्या लेखात माप कुठून येणार? वार्ताहराने एका अक्षराची गफलत केली, हे उघड होतं. मी लाल पेनने म काढून प घातला होता, वर एक स्वल्पविराम बसवला होता, आणि पुरवणीच्या संपादकांनी पान बघून म्हटलं होतं, "नजर असावी तर अशी." ते वाक्य मी एकोणीस वर्षं जपून ठेवलं होतं. पाहुण्यांनाही सांगितलं होतं.

"अरे देवा," मी म्हणालो. माझ्यात अजूनही थोडी हवा होती, ती सगळी या दोन शब्दांबरोबर गेली. त्याच क्षणी बायकोने आणि माहितगाराने मागून ओढलं, आणि शर्टाची दोन बटणं देवाला ठेवून मी उलटा बाहेर आलो.

झाडाखालच्या बाकावर विहीणबाईंनी, म्हणजे तेव्हा त्या काहीच नव्हत्या, मला पाणी दिलं. थोड्या वेळाने निरीक्षक, त्यांचा मुलगा आणि माझी मुलगी आले. ते फटीकडून आले नाहीत. बाकाच्या मागेच कातळात एक दरवाजाएवढी वाट होती, तिच्यातून आरामात चालत आले.

"ही कुठली वाट?" मी विचारलं.

"परतीची," निरीक्षक म्हणाले. "मागची वाट. गाभाऱ्यातून निघते."

"किती रुंद आहे?"

"साडेतीन फूट," ते म्हणाले. सवयीने म्हणाले. मग माझ्या बायकोकडे वळले, कारण माझ्याकडे बघणं त्यांनी बंद केलं होतं. "आम्ही घरी जाऊन विचार करतो आणि कळवतो."

'विचार करून कळवतो' याचा अर्थ मराठीत एकच होतो. त्यांचा मुलगा "बाबा, पण" म्हणाला, आणि बाबांनी हात वर केल्यावर थांबला. माझी मुलगी चपलांच्या ओळीत आपली चप्पल शोधत होती. ती तिच्या पायाशीच होती. तिला दिसत नव्हती.

वकीलबाईंचा सल्ला मला आठवत होता. गप्प राहिलो, तर मी एक अज्ञात पाप असलेला इसम, अशी माणसं पुष्कळ असतात. बोललो, तर सत्तावीस वर्षांची पाटी पुसली जाणार, आणि तीही चिटणीस, माहितगार आणि रांगेतली वीसेक माणसं यांच्यादेखत. खोटं कशाला बोलू, मी तीन-चार श्वास थांबलो. एवढी दोन-तीन बटणांची इज्जत उरली होती, ती द्यायला जड जातं.

"साहेब," मी म्हणालो, "ते पाप नाही. माप आहे."

"काय?"

मी सगळं सांगितलं. वार्ताहराचं अक्षर, लाल पेन, म आणि प. निरीक्षक ऐकून घेत राहिले. मग म्हणाले, "छापून आलेलं आहे ते."

"मीच छापलं."

"म्हणजे तुम्ही खोटं छापता?"

"चुकून."

"मग एकोणीस वर्षांत चुकीची दुरुस्ती का नाही दिलीत?"

"मला ती चूक वाटतच नव्हती हो. मी तर दुरुस्तीच केली होती!"

चिटणीसांनी नोंदवही मिटली. "असं तोंडी चालणार नाही. हस्तलिखिताची मूळ प्रत जोडून तीन प्रतींत अर्ज करावा लागेल. समितीच्या बैठकीत ठेवू. आणि मान्य झालं तरी पाटी संगमरवरी आहे. 'प'चा 'म' संगमरवरात होत नाही."

इतका वेळ पायरीवर एक म्हातारे पुजारी तांब्या घासत बसले होते. त्यांनी मान वर न करता म्हटलं, "मापच म्हणालो होतो मी."

सगळे त्यांच्याकडे वळले.

"एक जाडजूड गृहस्थ तीन तास अडकले होते. म्हणून त्या पेपरवाल्याला सांगितलं, लिही बाबा, ज्याचं माप मोठं त्याने मागच्या वाटेने आत यावं. देव तोच आहे."

"मग गुरुजी, इतकी वर्षं गप्प कसे राहिलात?" मी विचारलं.

"पेपरात पाप आलं. मला वाटलं, आपल्यापेक्षा त्यांना जास्त माहीत असेल." तांब्या त्यांनी उन्हात धरून पाहिला आणि पुन्हा घासायला घेतला.

निरीक्षकांची अडचण झाली होती, पण खात्याची माणसं अडचणीत वाकत नाहीत. "शब्द चुकला असेल," ते म्हणाले. "अनुभव चुकत नाही. थोरलीच्या वेळचं ते स्थळ. तो माणूस अडकला म्हणजे अडकला."

"त्या माणसाचं पोट आठवा," बाकावरून आवाज आला.

दिवसभरातलं ते निरीक्षकांच्या पत्नींचं दुसरं वाक्य असेल. 

"आणि त्याच्या मुलाऐवजी तुम्ही जो जावई आणलात, तो फटीतून वाऱ्यासारखा गेला. दोन वर्षांनी घरातूनही तसाच गेला." त्या उठल्या. गुडघ्यांनी कसलीही कुरकुर केली नाही. "एकोणीस वर्षं मी या बाकावर बसतेय. माझ्या गुडघ्यांना काहीही झालेलं नाही."

"मग आत का नाही आलीस?" निरीक्षकांनी विचारलं. खरंच कळलं नव्हतं त्यांना.

"अडकले असते म्हणजे?"

 निरीक्षकांचा हात टेपच्या खिशाकडे गेला आणि परत आला. त्यांच्या पत्नींनी ओळीतल्या दोन जोड्या उचलून नवऱ्याच्या हातात दिल्या, उरलेल्यांकडे बोट दाखवलं, म्हणाल्या, "लक्ष ठेवा," आणि साडेतीन फुटांच्या वाटेने आत गेल्या.

आम्ही बाहेर उभे राहिलो. मी माझ्या पोटावर चिटणीसांकडून मागून घेतलेला नोंदवहीचा कागद धरून होतो, कारण बटणं नव्हती. रांगेतल्या दोन बायकांनी एकमेकींकडे पाहिलं, मग एक त्यांच्यामागून गेली, मग दुसरी. दोघींचीही अंगकाठी माझ्यासारखीच होती. चिटणीस "अहो, अर्जात नाही ते, अर्जात नाही!" म्हणत राहिले. मला हसू यायला हवं होतं. पण मी हिशेब करत होतो, की एका अक्षरासाठी एकोणीस वर्षांत या झाडाखाली किती जणी बसल्या असतील, किती जणांनी गुडघे, कंबर, दमा पुढे केला असेल, आणि थोरलीच्या त्या पहिल्या स्थळाचं पुढे काय झालं असेल. पाऊण तास मी पाप आठवत होतो आणि आठवत नव्हतं. ते नाकासमोर स्वच्छ अक्षरांत लिहिलेलं होतं, वर स्वल्पविराम माझा.

दहा मिनिटांनी त्या बाहेर आल्या. केसांवर पाण्याचे थेंब होते.

"काय आहे आत?" माझ्या बायकोने विचारलं.

"काही नाही. अंधार आहे. वरून थेंब पडतात. गार आहे." केसांवरून हात फिरवत त्या म्हणाल्या, "बरं वाटलं." मग नवऱ्याकडे वळल्या. "चपला ठेवा खाली. लग्न ठरलं."

"मी अजून काहीच..." निरीक्षक म्हणाले.

"या गृहस्थांनी एवढ्या माणसांत माझं चुकलं म्हणून सांगितलं. आपल्या घरात पस्तीस वर्षांत मी ते वाक्य ऐकलेलं नाही. अशा घरातली मुलगी येत असेल तर मी सोडणार नाही."

माझ्या मुलीला चप्पल सापडली. निरीक्षकांनी चपला खाली ठेवल्या, वाकून त्या सरळ रेषेत आणल्या, आणि जमिनीकडे बघतच मला म्हणाले, "बरं, व्याही." त्यांच्या घशातून ते बाहेर पडलं तेव्हा फट बरीच अरुंद असावी, असं वाटलं.

निघताना विहीणबाई माझ्याजवळ आल्या. आता त्यांना तसं म्हणायला हरकत नव्हती. मी त्यांची माफी मागायला तोंड उघडलं, पण त्यांनी हाताने थांबवलं.

"लग्न तुमच्याकडूनच होईल, सगळं तुमच्या मनासारखं करा," त्या म्हणाल्या. "फक्त एक. लग्नपत्रिका दुसऱ्या कुणाला तरी तपासायला द्या."